चौदावा दात

माझे घरमालक १९५९ सालच्या फाल्गुनात, एका मंगळवारी सकाळी साडेसातच्या सुमारास, रोग्यांना बसवायच्या स्वतःच्याच खुर्चीत हृदय बंद पडून वारले. मृत्यूच्या वेळी त्यांच्या तोंडात भरलेले चौदा दात होते. त्यांपैकी तेरा दातांना कधीही कीड लागलेली नव्हती.

हे वाक्य वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटेल, म्हणून खुलासा करतो. ते व्यवसायाने दंतवैद्य होते. ते तेरा दात पूर्ण निरोगी असताना त्यांनी स्वतः, आरशात बघून, कोरले आणि भरले. सहा महिने उलटल्याशिवाय कोणत्याही वस्तूवर, माणसावर किंवा छापील कागदावर विश्वास न ठेवणारा असा दुसरा माणूस पनवेलमध्ये नव्हता, आणि पनवेलबाहेरही मला भेटलेला नाही. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत चार वर्षे राहिलो. मुंबईच्या एका दैनिकाला पनवेल-उरण भागातल्या बातम्या पाठवणे हे माझे काम होते. पहिले सहा महिने ते मला ‘वरचे’ म्हणत. “वरच्यांना म्हणावं, नळ बंद करा.” सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी जिन्यात भेटले, माझे पूर्ण नाव विचारून घेतले आणि म्हणाले, “टिकलात म्हणायचं.” त्यानंतर मी ‘पत्रकार’ झालो. माझे वर्तमानपत्र ते रोज माझ्याकडून घेऊन जात, पण वाचत नसत. कपाटाच्या तळाशी चळत लावून ठेवत आणि सहा महिने झाले की एकेक अंक काढून, चष्मा पुसून, पहिल्या पानापासून वाचत. “तोवर खोटं ठरायचं ते ठरलेलं असतं,” हे त्यांचे कारण. त्यामुळे भर मे महिन्यात ते मला दिवाळीतल्या भाषणांबद्दल मत विचारत, आणि भाषण करणारे गृहस्थ दरम्यान पद सोडून घरी बसले असले की समाधानाने मान हलवत.

त्यांचे दंतशास्त्राचे शिक्षण मुंबईत एका चिनी दंतवैद्याच्या हाताखाली अकरा वर्षे झाले होते. त्या काळी ते पुरत असे. पुढे नोंदणीचा कायदा आला तेव्हा पदवी नसलेल्यांच्या यादीत त्यांचे नाव लागले. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. मात्र नोंदणीचे पत्र सहा महिने पाकिटातच ठेवले. त्यांचा दवाखाना म्हणजे तळमजल्यावरची पुढची खोली. एक लोखंडी खुर्ची, एक आरसा, काचेच्या झाकणाच्या बाटल्या, आणि दात कोरायचे पायाने चालवायचे यंत्र. वीज घरात आली होती, पण यंत्राला त्यांनी ती जोडू दिली नाही. यंत्राला पाय मालकीणबाई मारत. लग्न झाल्यापासून त्याच मारत होत्या. त्यांचा उजवा पाय एवढा सरावला होता की शेजारणींशी बोलताना कोणी दातदुखीचा विषय काढला तर तो आपोआप खालीवर होऊ लागे, आणि ते शेजारणींनी मला वेगवेगळे, एकमेकींना न विचारता सांगितले आहे.

दात उपटायला त्यांचा तत्त्वतः विरोध होता. चिमटा त्यांनी ट्रंकेत ठेवून तिला कुलूप लावले होते. पनवेलात त्या काळी दंतवैद्याकडे माणूस दात काढायलाच येई. भरायचा असतो हे पुष्कळांना ठाऊक नसे. नेऱ्याची एक म्हातारी एकदा हलणारा दात दाखवत आली.

“काढा यो.”

“भरून देतो. अजून दहा वर्षं जाईल.”

“मी जायची दोन वर्सांत, मना काय करायचा दात दहा वर्सं?”

यावर घरमालकांनी तिला पाऊण तास समजावले. अखेर म्हातारी खुर्चीतून उठली, दारात गेली, बोटांनी दात उपटून रस्त्यावर टाकला आणि नमस्कार करून निघून गेली.

आता त्या तेरा दातांबद्दल. दातात भरायचा कोणताही नवा मसाला मुंबईहून आला की तो आधी स्वतःच्या दातात भरायचा, सहा महिने थांबायचे, आणि टिकला तरच रोग्याच्या दातात घालायचा, हा त्यांचा नियम होता. चांदीचा कीस आणि पारा खलात घोटून, फडक्यातून जादा पारा पिळून काढून केलेला मसाला त्यांच्या खालच्या दाढांत होता. तो काळा पडला होता, पण दगडासारखा होता. पुढच्या बाजूला दाताच्या रंगाचे एक सिमेंट होते, काचेच्या पुडीत आम्ल कालवून करायचे. ते दिसायला सुरेख, पण त्याला आंबट सोसत नसे. त्याची परीक्षा चालू असताना त्यांनी रोज दोन वेळा सोलकढी प्यायली. पाचव्या महिन्यात सिमेंट खडूसारखे झिजले, आणि त्यांनी मुंबईच्या व्यापाऱ्याला लिहिले की आपला माल कोकणात चालणार नाही. तांबूस सिमेंट, काळे सिमेंट, झाडाच्या चिकाचा गट्टा, जस्ताची पूड आणि लवंगेचे तेल, प्रत्येकाला एक निरोगी दात मिळाला. ते आरशात बघून कोरत आणि मालकीणबाई पाय मारत. तोंडात यंत्र असल्यामुळे त्यांना बोलता येत नसे, म्हणून हाताने खुणा ठरल्या होत्या. एक बोट म्हणजे हळू, दोन बोटे म्हणजे थांब. मालकीणबाई मला म्हणाल्या होत्या, “आमच्या संसारात यांनी माझं ऐकून घेतलं ते तेवढ्याच वेळात.”

मी एकदा विचारले होते, दुखत नाही का? ते म्हणाले, “दात दुखणं म्हणजे काय, हे मला ऐकून माहीत आहे.” हे खरे होते. त्यांचे दात जन्मतःच असे घट्ट होते की बावन्न वर्षांत एकदाही ठणका लागला नव्हता. ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. पुढे ज्यामुळे सगळे बिघडले ती हीच.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात नवा पांढरा प्लॅस्टिकचा मसाला आला. पूड आणि उग्र वासाचे पातळ औषध, दोन्ही कालवून दातात ठेवले की मिनिटांत तोंडातच घट्ट व्हायचे. रंग हुबेहूब दाताचा, आंबटाची भीती नाही. घरमालकांनी तो आपल्या समोरच्या वरच्या दातात भरला आणि सहा महिने सोलकढी, चिंच, गरम चहा, बर्फाचा गोळा, सगळे करून पाहिले. कार्तिकात मुदत पुरी झाली. मसाला जसाच्या तसा होता. त्याच आठवड्यात क्लॅरिनेटवाला आला.

तो खाडीकडच्या गावचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला, तिशीच्या आतला. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी. घरात मिठाशिवाय दुसरे काही करणारा तो पहिलाच. क्लॅरिनेटचे तोंड वरच्या समोरच्या दातांवर टेकते, आणि त्याच दोन दातांच्या मध्ये कीड लागली होती. एका दातात ती खोल गेली होती, दुसऱ्यात कमी. तुळशीचे लग्न आठवड्यावर आले होते. त्यानंतर वराती सुरू.

“डाक्टर, काला मसाला नको. नवरीपरीस लोक माजंच तोंड बघतील.”

“काळा नाही. हा बघ.” घरमालकांनी ओठ वर करून स्वतःचा दात दाखवला. “कुठला भरलाय ओळख.”

त्याला ओळखता आला नाही. मलाही आला नसता. दोन्ही दात पांढऱ्या मसाल्याने भरले गेले. क्लॅरिनेटवाल्याने खुर्चीतच वाद्य जोडून एक तान घेतली, आणि मालकीणबाईंचा पाय तालावर हलला.

विसाव्या दिवशी त्याचा ओठ सुजला. ज्या दातात कीड खोल होती तो राखाडी पडला, मुळाशी पू झाला. घरमालकांनी मसाला काढला, औषधे भरली, चार दिवस प्रयत्न केला. पाचव्या दिवशी ताप चढला तेव्हा त्यांनी ट्रंक उघडली. चिमट्याला गंज चढला होता. मालकीणबाईंनी तो उकळून दिला. दात निघाला. त्या हंगामातल्या बहुतेक वराती बाकी होत्या. बँडच्या मालकाने क्लॅरिनेटची जागा दुसऱ्याला दिली आणि याच्या हातात झांजा दिल्या.

क्लॅरिनेटवाला भांडला नाही. तो दुसऱ्या दातावर बोट ठेवून म्हणाला, “या एकावर जमवीन मी. बाजूला खोटा बसवीन. पन ह्यो बी गेला तर मंग झांजाच, डाक्टर. जलमभर.”

दुसऱ्या दातातल्या मसाल्याची कड तपकिरी होऊ लागली होती आणि गार पाणी झोंबत होते. तो मसाला काढणे भाग होते. प्रश्न एवढाच होता की त्याच्या जागी काय भरायचे. चांदीचा मसाला त्या पातळ दाताला फोडून टाकणार, सिमेंट झिजणार, प्लॅस्टिकने पहिला दात मारला होता. घरमालकांनी तात्पुरती जस्ताची पूड आणि लवंगेचे तेल भरले. ते मऊ असते, दाताला शांत ठेवते, पण त्यावर क्लॅरिनेट टेकवता येत नाही. दर पंधरा दिवसांनी ते बदलायचे ठरले. आणि मग ते आठवडाभर दवाखाना बंद करून खुर्चीत बसून राहिले. आपल्या तोंडात टिकलेला मसाला त्याच्या तोंडात का टिकला नाही, हे ते मला, दूधवाल्याला आणि पोस्टमनला विचारत होते. उत्तर मालकीणबाईंनी दिले. त्या तांदूळ निवडत होत्या.

“तुमचे दात चांगले होते म्हणून. चांगल्या दातात शेण भरलं असतं तरी टिकलं असतं.”

मी तिथे होतो. तेवीस वर्षांच्या परीक्षा, तेरा दात, सगळे त्या ताटातल्या खड्यांसारखे बाजूला काढले गेले होते. निरोगी दातात केलेला उथळ खळगा किडलेल्या दाताबद्दल काहीच सांगत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत सुचले नव्हते. त्यांनी ज्या ज्या रोग्याला ‘मी स्वतः करून पाहिलंय’ असे सांगितले होते, त्या सगळ्यांची नावे ते संध्याकाळपर्यंत एका कागदावर लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निर्णय जाहीर केला. परीक्षा पुन्हा होणार. या वेळी प्लॅस्टिकच्या खाली, दाताच्या गाभ्याला ते उग्र औषध लागू नये म्हणून, जस्ताच्या सिमेंटचा पातळ थर द्यायचा. आणि परीक्षा किडलेल्या दातातच व्हायला हवी. त्यासाठी त्यांना एक किडका दात हवा होता, स्वतःचा.

त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षे एका दंतवैद्याने स्वतःच्या दाताला कीड लागावी म्हणून केलेले उद्योग मी पाहिले. डाव्या बाजूचे दात घासणे त्यांनी बंद केले. दुपारी जेवून आडवे होताना डाव्या गालात गुळाचा खडा धरत. लोणावळ्याहून येणारी चिक्की डबा भरून ठेवली होती. दवाखान्यात रोग्यांना ‘गोड कमी खा’ असे सांगायचे आणि पडद्याआड जाऊन चिक्की फोडायची, हा क्रम. दर रविवारी आरशात डाव्या बाजूची शेवटची दाढ बघत आणि खिन्न होऊन बाहेर येत. “एक डाग नाही हो, पत्रकार.” मी सांत्वन काय करणार? मालकीणबाई म्हणत, “गावातल्या पोरांना न मागता मिळते ती कीड यांना गूळ खाऊन मिळेना.” त्या काळात ते वाळत गेले. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागले. छातीत कळ येते, असे एकदा बोलले, पण ते ठाण्याला जाऊन कोणाला दाखवावे हे त्यांनी सहा महिने लांबणीवर टाकले, आणि नंतर पुन्हा सहा महिने.

क्लॅरिनेटवाला पंधरा दिवसांनी मंगळवारी येई, मसाला बदलून घेई. झांजा वाजवून त्याच्या तळहातांना घट्टे पडले होते. तो येताना कधी खाडीची कोळंबी, कधी मिठाची पुडी आणी. घरात क्लॅरिनेट रोज काढून पुसतो, तोंडाला लावत नाही, असे त्याने मालकीणबाईंना सांगितले होते.

अठ्ठावन्न सालच्या नवरात्राच्या थोडे आधी, सकाळी, घरमालक माझ्या खोलीत आले. गाल हाताने धरलेला, डोळ्यांत पाणी.

“पत्रकार, ठणकतंय!”

मी उठून उभा राहिलो.

“रात्रभर झोप नाही. कानापर्यंत जातं. असं असतं होय हे?” ते खाटेच्या कडेवर बसले. गालावरचा हात न काढता म्हणाले, “आणि मी लोकांना म्हणत होतो, जरा दम धरा.”

मालकीणबाईंनी प्रथम पाय मारायला नकार दिला. “आधी काढून टाका ती दाढ. पुरे झाली थेरं.” घरमालक म्हणाले, “तो मंगळवारी येणारे. त्याला काय सांगू?” त्या यंत्रापाशी जाऊन बसल्या. त्या दिवशी दोन बोटांची खूण सात वेळा झाली, एवढे मी दारातून मोजले. कीड काढली, सिमेंटचा थर दिला, वर पांढरे प्लॅस्टिक भरले. हा चौदावा दात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्यांनी पहिली फुली मारली. रोज एक फुली मारायची जबाबदारी मालकीणबाईंकडे होती.

तेव्हापासून मंगळवारी खुर्चीत घरमालक बसू लागले आणि क्लॅरिनेटवाला त्यांच्या तोंडात बघू लागला.

“आ करा, डाक्टर. मोठा आ. लाजताव काय?”

“दिसतंय का?”

“हाय. पांढरा हाय. गार पानी प्यालाव?”

“प्यालो.”

“झोंबला?”

“नाही.”

“खोटं नाय ना बोलत?”

“अहो, बर्फ आणवला यांनी,” मालकीणबाई आतून म्हणत. “हिवाळ्यात.”

तिसऱ्या महिन्यात क्लॅरिनेटवाला म्हणाला, आता टाका माझ्यात. घरमालक म्हणाले, सहा महिने. पाचव्या महिन्यात क्लॅरिनेटवाल्याने हात जोडले. माघातल्या वराती निघून गेल्या होत्या, वैशाखातल्या तरी मिळू देत. घरमालक म्हणाले, “एकदा घाई न करता चुकलोय. घाई करून चुकलो तर तोंड दाखवायला जागा नाही.” त्याच सुमारास त्यांनी दादरच्या एका ओळखीच्या दंतवैद्याला पत्र लिहून टेबलाच्या खणात ठेवले. माझ्या हाताला हल्ली कंप सुटतो, या माणसाचा दात नाजूक आहे, तेव्हा भरायचे काम आपण करावे. खाली जस्ताच्या सिमेंटचा थर अवश्य द्यावा. माझ्या दाढेत असाच भरला असून तो (इथे मोकळी जागा सोडली होती) ठीक आहे. किती काळ, ते मुदत पुरी झाली की त्या जागेत लिहायचे होते.

मुदतीला एकोणीस दिवस उरले असताना ते वारले. तो मंगळवार होता. क्लॅरिनेटवाला नऊला नेहमीप्रमाणे आला. दारात चपला पाहून थबकला. आत घरमालकांना जमिनीवर ठेवले होते; त्यांचे चुलतभाऊ तुळशीपत्र आणि गंगेचे पाणी तोंडात घालायला वाकले होते. हनुवटी खाली केली तेव्हा क्लॅरिनेटवाला पुढे झाला, गुडघ्यांवर बसला आणि डोके तिरके करून आत पाहू लागला.

“अरे, काय चाललंय काय तुझं?” चुलतभाऊ ओरडले.

“बघू द्या त्याला,” मालकीणबाई म्हणाल्या. “आज त्याचा वार आहे.”

त्याने पाहिले. मग मालकीणबाईंकडे वळून म्हणाला, “बरा हाय, वयनी. कडेला बी काय नाय.” आणि तो तिथेच बसून राहिला. तुळशीपत्र नंतर ठेवले गेले.

दिनदर्शिकेवरच्या फुल्या थांबल्या नाहीत. एकोणिसाव्या दिवशी, वार रविवार असूनही, क्लॅरिनेटवाला आला. त्याआधी दुसरीकडे जाऊन दात भरून घ्यायला त्याला कोणीही अडवले नव्हते. सा म्हयने बोललं व्हतं डाक्टर, एवढेच तो म्हणाला. मालकीणबाईंनी शेवटची फुली मारली, खणातले पत्र काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

“एवढी जागा राहिलीय. तुम्ही लिहा.”

मी म्हणालो की सहा महिने लिहिता येणार नाहीत. ते गेले तेव्हा पाच महिने आणि अकरा दिवस झाले होते.

“मग जे खरं आहे ते लिहा,” त्या म्हणाल्या.

मी मोकळ्या जागेत ‘शेवटपर्यंत’ असा शब्द लिहिला. मालकीणबाईंनी पत्र वाचले, घडी घातली आणि त्याच्या हातात दिले. दुपारच्या एस.टी.ने तो दादरला गेला. दात भरला गेला, असे त्याने नंतर सांगितले. खाली सिमेंटचा थर दिला होता की नाही, हे मी दादरच्या दंतवैद्याला पत्र लिहून विचारले. उत्तर आले, दिला होता.

वैशाखात आमच्या आळीच्या टोकाच्या घरातले लग्न होते. वरात संध्याकाळी आमच्या घरावरून गेली. घरात वर्षाच्या आतला मृत्यू असल्यामुळे बँडने दोन घरे आधी वाजवणे बंद केले आणि सगळे वादक वाद्ये खाली धरून, न बोलता, दारासमोरून चालत गेले. मालकीणबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. देवळाच्या वळणापलीकडे गेल्यावर बँड पुन्हा सुरू झाला. पहिला सूर क्लॅरिनेटचा होता.